ऑफिसला फायरवॉल घ्यायचाय, पण कोणता? (१० ते ३० कॉम्प्युटरवाल्यांसाठी)

मागे एका २० तारखेला सकाळी साडेदहाला फोन आला. जळगाव एमआयडीसीतली एक डाळमिल, ऑफिसात २२ कॉम्प्युटर. "भो, नेट चालू शे पण एकबी साइट उघडस नही." २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, अकाउंटंट घामाघूम. जाऊन पाहिलं तर फायरवॉलचं (ऑफिस आणि इंटरनेटच्या मध्ये बसून काय आत-बाहेर जातंय ते तपासणारा डबा) लायसन्स रात्री संपलेलं. होतं काय, की वेब फिल्टर प्रत्येक साइटला कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, ही कुठल्या प्रकारातली साइट आहे म्हणून, लायसन्स संपलं की उत्तर येणं बंद, आणि सेटिंग अशी होती की उत्तर नाही आलं तर साइट अडव. एका टिकचं काम होतं, पण अ‍ॅडमिन पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ज्या डीलरने तीन वर्षांपूर्वी बॉक्स बसवला त्याने तो स्वतःच्या अकाउंटवर रजिस्टर केलेला, आणि तो आता सोलर पॅनल विकतो. शेवटी अकाउंटंटचा एक कॉम्प्युटर थेट नेटच्या राउटरला लावला आणि रिटर्न भरलं.

मग भाऊंनी (मिलचे मालक) विचारलं, आता नवीन कोणता घ्यायचा ते सांग. सगळेच इथून सुरुवात करतात, "कोणता". पण तो प्रश्न शेवटचा आहे हो. त्याच्या आधी आम्ही दोन आठवडे जे केलं तेच क्रमाने लिहितो, तुमचं ऑफिस धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत असो की चोपड्याला केळीवाल्याचं, फार फरक पडत नाही.

पहिलं: गरज आहे का बघा

चार-पाच कॉम्प्युटर, सर्व्हर नाही, बाहेरून कोणी आत येत नाही, टॅली क्लाउडवर, मेल गूगलवर, तर फायरवॉल घेऊ नका. मी हेच विकतो तरी सांगतोय. त्या पैशात ओरिजनल विंडोज, चांगला अँटिव्हायरस आणि दोन बॅकअप हार्ड डिस्क घ्या, त्यातली एक कायम वायर काढून कपाटात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ती मशीनं तशीच ठेवून पुढं महागाचा डबा लावणं म्हणजे मागचं दार सताड उघडं ठेवून पुढच्याला तीन कुलपं.

फायरवॉल लागतो तो ऑफिसात सर्व्हर असेल, बाहेरून किंवा दुसऱ्या ब्रँचमधून कोणी कनेक्ट होत असेल, किंवा माणसं इतकी झाली असतील की कोण काय उघडतंय याचा पत्ता लागत नाही, तेव्हा.

कागद घ्या आणि ऑफिसात फिरा

कॉम्प्युटर किती एवढं मोजून भागत नाही. डाळमिलमध्ये २२ कॉम्प्युटर होते, पण टॅलीचा सर्व्हर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारे दोन डीव्हीआर, अंगठ्याचं हजेरी मशीन, तीन प्रिंटर, भुईकाट्याचा कॉम्प्युटर आणि वायफायवर सगळ्यांचे मोबाइल धरले तर आकडा साठच्या वर गेला. भुईकाट्याच्या मशीनवर विंडोज ७ होतं, काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून कोणी हात लावत नाही. असं मशीन प्रत्येक मिलमध्ये, जिनिंगमध्ये एकतरी असतंच, ते कागदावर लाल पेनाने लिहा.

मग बघा बाहेरून आत यायला कुठली पोर्ट (नेटवरून आत यायची नंबर दिलेली दारं) उघडी आहेत. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून ऑफिसचा आयपी (नेटवरचा पत्ता) टाकून पोर्ट चेक करायचा. आमच्याकडे ३३८९ उघडं निघालं, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सरळ जगाला दिसतोय. अकाउंटंट भुसावळहून अपडाउन करते, रात्री घरून टॅली बघता यावं म्हणून कोणीतरी पोर्ट फॉरवर्ड करून ठेवलेलं. फायरवॉल होता बरं का, आणि त्याच फायरवॉलमध्ये हे भोक पाडलेलं. रॅन्समवेअरवाल्यांचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा) हा सगळ्यात आवडता रस्ता आहे, आणि ३३८९ बदलून ३३९० केलं म्हणून वाचत नाही, स्कॅन करणारे सगळीच पोर्ट चाचपत फिरतात. डीव्हीआरचंही तेच.

हा कागद झाला की निम्मं काम झालं. नवीन बॉक्स यायच्या आधीच ते ३३८९ आम्ही बंद करून घेतलं. जुन्या बॉक्सचा पासवर्ड नव्हता, म्हणून त्याच्या पुढच्या राउटरमध्येच अडवलं.

लाइन कशी आहे ते तपासा

राउटरमध्ये वॅनचा (बाहेरच्या नेटच्या बाजूचा) आयपी बघा आणि गूगलवर "व्हॉट इज माय आयपी" टाकून येतो तो बघा. दोन्ही सारखे नसतील, आणि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनीने बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. अशा लाइनवर बाहेरून व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) येणार नाही, कितीही भारी फायरवॉल लावा. स्टॅटिक (कायम एकच राहणाऱ्या) आयपीची वेगळी मागणी करावी लागते, त्याला महिन्याचे पैसे जास्त लागतात, आणि हे आधीच विचारून ठेवा, बॉक्स बसवायच्या दिवशी नाही.

दुसरं, फायबरवाल्याच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (डबा नुसता तार पुढं देतो, राउटरचं काम करत नाही) टाकायला सांगा, म्हणजे पब्लिक आयपी थेट फायरवॉलवर येतो आणि डबल नॅटची (दोन डब्यांनी दोनदा पत्ता बदलायची) कटकट राहत नाही. पीपीपीओई (युजरनेम टाकून चालू होणारी लाइन) असेल तर युजरनेम-पासवर्ड तुमच्याकडे लिहून घ्या. एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची कमाल साइज) तिथं १४९२ असतो, काही साइट अर्धवट उघडतात अशी तक्रार आली तर आधी तिकडं बघा.

रस्ता खोदला की फायबर तुटलंच म्हणून समजा, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या, आणि फायरवॉलला दोन वॅन चालतात का ते बघा. बहुतेकांना चालतात.

आता डेटाशीट, आणि इथंच सगळे फसतात

डीलर म्हणतो, "भाऊ, ५ जीबीचा फायरवॉल आहे, तुमची लाइन २०० ची, आयुष्यभर पुरेल." आकडा खोटा नसतो पण अर्धाच असतो. उदाहरण म्हणून फोर्टिनेटचा फोर्टिगेट ४०एफ घ्या, छोट्या ऑफिसात खूप दिसतो. डीलर दाखवतो तो आकडा फायरवॉल थ्रूपुट (डब्यातून डेटा जायचा वेग), ५ जीबीपीएस, म्हणजे ५००० एमबीपीएस. त्याच डेटाशीटवरचे बाकीचे आकडे बघा. आयपीएस (हल्ले ओळखून अडवणं) चालू केलं की १ जीबीपीएस. त्यात अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल (कुठलं सॉफ्टवेअर नेट वापरेल ते ठरवणं) घातलं की ८०० एमबीपीएस. मालवेअर तपासणी पण घातली, ज्याला ते थ्रेट प्रोटेक्शन म्हणतात, की ६०० एमबीपीएस. आणि एसएसएल इन्स्पेक्शनसमोर (कुलूपबंद डेटा उघडून तपासणं, पुढं सांगतो) ३१०. एकच डबा, एकच कागद. ५ जीबीपीएस हा आकडा काहीही न तपासता पाकीट (डेटाचा तुकडा) इकडून तिकडं ढकलायचा आहे, ते काम साधा राउटरही करतो.

म्हणून माझा हिशोब असा, सगळ्या लाइनींचा स्पीड एकत्र करा, त्याच्या दुप्पट थ्रेट प्रोटेक्शनचा आकडा असला पाहिजे, आणि एसएसएल उघडून तपासणार असाल तर तो आकडाही लाइनपेक्षा मोठा पाहिजे. कंपनीचं टेस्टिंग लॅबमध्ये होतं, तुमच्याकडे व्हीपीएन, लॉगिंग (कोण कुठं गेलं याच्या नोंदी) आणि पन्नास मोबाइलचं व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप एकाच वेळी चालू असतं. डाळमिलला २०० आणि १०० अशा दोन लाइन, म्हणजे ३००, दुप्पट ६००. आकडा बरोबर बसला, पण काठावर.

एकाच वेळी किती सेशन (कनेक्शन) चालतात, तो आकडा बघत बसू नका. ४०एफ ला ७ लाख लिहिलंय, छोट्या ऑफिसात तेवढे कधीच होत नाहीत. त्यापेक्षा रॅम विचारा. ४०एफ ला २ जीबी आहे, आणि कंपनीने नवीन फर्मवेअरमध्ये (डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) २ जीबीवाल्या मॉडेलमधून काही गोष्टी काढून टाकल्या, एसएसएल व्हीपीएन (व्हीपीएनचा एक प्रकार) ७.६.० या आवृत्तीत गेलं. म्हणजे आज डब्यात जे आहे ते उद्याच्या अपडेटनंतर असेलच असं नाही. डीलरला सरळ विचारा, मला जे तीन फीचर पाहिजे ते सध्याच्या फर्मवेअरला या मॉडेलवर चालतात का, आणि उत्तर मेलवर घ्या.

एसएसएल उघडायचं की नाही

आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे पाकीट बंद असतं. फायरवॉलला आतलं बघायचं तर पाकीट फोडून, वाचून, परत चिकटवून पुढं द्यावं लागतं. त्यासाठी फायरवॉलचं सर्टिफिकेट प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये टाकावं लागतं, नाहीतर ब्राउझर बोंबलतो. मोबाइलवर तर कितीतरी अ‍ॅप ते सर्टिफिकेट मानतच नाहीत आणि बंद पडतात. बँकेच्या साइट, जीएसटी, इन्कम टॅक्स, डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन लागणारी पोर्टल, हे सगळं यादी करून वगळावं लागतं. नाही वगळलं तर परत २० तारखेला फोन येईल.

डाळमिलला आम्ही पूर्ण इन्स्पेक्शन लावलंच नाही. नुसतं सर्टिफिकेटवरचं साइटचं नाव बघून अडवायचं, त्याने वेब फिल्टर बऱ्यापैकी चालतो, आणि आतली फाइल तपासायचं काम कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसला. काही जण म्हणतील हे अर्धवट आहे. हो, आहे. पण ज्या ऑफिसात आयटीचा माणूस रोज बसत नाही तिथं पूर्ण इन्स्पेक्शन आठ दिवसांत कोणीतरी वैतागून बंद करतंच, आणि बंद करताना त्याच्यासोबत अजून चार गोष्टी बंद करून जातं.

लायसन्स म्हणजे वैरण

भाऊंना हे सांगताना मी म्हटलं, म्हैस घेताना नुसता म्हशीचा भाव विचारता का? वैरणीचा हिशोब आधी करता ना. तसंच आहे हे. आयपीएसच्या सिग्नेचर (हल्ले ओळखायच्या खुणा), वेब फिल्टर, अँटिव्हायरस, डबा बिघडला तर बदलून मिळणं, हे सगळं वर्षाच्या लायसन्सवर. कोटेशनमध्ये तीन आकडे वेगवेगळे मागा: बॉक्सचा भाव, तीन वर्षांचं लायसन्स एकदम घेतलं तर, आणि चौथ्या वर्षी नुसतं रिन्यूअल किती. वर १८ टक्के जीएसटी. बऱ्याचदा पहिल्या वर्षी सूट देऊन स्वस्त वाटतो तो डबा तीन वर्षांच्या हिशोबात महाग निघतो.

लायसन्स संपलं की नेमकं काय बंद होतं हे पण लेखी घ्या, कारण प्रत्येकाचं वेगळं आहे. फोर्टिगेटमध्ये नियम आणि व्हीपीएन चालू राहतात, सिग्नेचर शिळ्या होत जातात आणि वेब फिल्टरची वर सांगितली तशी गंमत होते. सिस्को मेराकीच्या को-टर्म लायसन्समध्ये (सगळ्या डब्यांचं एकाच तारखेला संपणारं) मात्र ३० दिवसांची मुदत संपली की नेटच बंद. फर्मवेअर अपडेटही आता बऱ्याच कंपन्या चालू लायसन्सवाल्यालाच देतात.

सेकंडहँड स्वस्त मिळतोय म्हणून कोणी आणून देत असेल तर दहादा विचार करा. सोफोसच्या जुन्या एक्सजी सिरीजचा सपोर्ट ३१ मार्च २०२५ ला संपला, असे डबे बाजारात आता कवडीमोलाने फिरतायत. आपल्याकडे पूर्वी सायबरोम खूप होतं, अहमदाबादची कंपनी, २०१४ मध्ये सोफोसने घेतली, अजूनही एखाद्या ऑफिसच्या कपाटावर तो डबा लुकलुकताना दिसतो, आणि मालक म्हणतो फायरवॉल आहे ना आपल्याकडे. शिवाय जुना डबा दुसऱ्याच्या अकाउंटवर रजिस्टर असेल तर तुमच्या नावावर करायलाच नाकी नऊ येतात.

आपला उन्हाळा

हे पुण्या-मुंबईचे लोक लिहीत नाहीत, कारण त्यांना गरज नाही. छोट्या डेस्कटॉप फायरवॉलच्या डेटाशीटवर ऑपरेटिंग टेम्परेचर साधारण ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४५ च्या पुढं जातं, आणि आपण डबा ठेवतो कुठं, तर पत्र्याखालच्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या बाजूला, वरून डाळीचा भुसा. पंखा नसलेला डबा असेल तर उष्णता बाहेर जायला हवाच लागते. दुपारी दोन ते पाच नेट अडकतं आणि संध्याकाळी आपोआप नीट होतं अशी तक्रार असेल तर आधी डब्याला हात लावून बघा.

एसी ज्या केबिनमध्ये आहे तिथं ठेवा, खाली, भिंतीवर छोटा जाळीचा रॅक. पंखेवाला घेतला तर धूळ ओढतो, तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा लागेल. लाइटचं सांगायला नको, चांगला ऑनलाइन यूपीएस पाहिजे. हे छोटे डबे १५ वॉटच्या आतबाहेर खातात, त्यामुळे फायबरचा डबा, फायरवॉल आणि एक स्विच लहान यूपीएसवर आरामात बराच वेळ चालतात. फायबरचा डबा यूपीएसवर नसतो हे मी किती ठिकाणी पाहिलंय, लाइट गेली की फायरवॉल चालू, नेट बंद.

घरून काम करणारे

३३८९ बंद केलं तर भुसावळच्या ताईंनी टॅली कसं बघायचं? व्हीपीएनने. एकाच वेळी बाहेरून किती जण येणार ते मोजा, आमच्याकडे चार. नवीन सेटअप करताना एसएसएल व्हीपीएनच्या नादी लागू नका, फोर्टिनेटने फर्मवेअर ७.६.३ पासून त्याचा टनेल मोड (अख्खा कॉम्प्युटर ऑफिसला जोडणारा प्रकार) सगळ्याच मॉडेलमधून काढला, मागच्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांच्या एसएसएल व्हीपीएनमध्ये मोठी भोकं सापडली. आयपीसेक (व्हीपीएनचा दुसरा प्रकार) घ्या, आणि ओटीपीवालं दुसरं कुलूप सक्तीचं ठेवा. फोर्टिगेटसोबत ओटीपी देणारी दोन मोबाइल टोकन फुकट येतात, जास्तीची विकत, तोही खर्च कोटेशनमध्ये धरा.

आणि एक चूक सगळे करतात, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे ठेवतात. घरच्या राउटरचं पण तेच असतं, मग व्हीपीएन लागतं पण सर्व्हर दिसत नाही, कॉम्प्युटरला कळतच नाही कुठल्या १९२.१६८.१ कडे जायचं. ऑफिसला १०.४७.२० असं काहीतरी वेगळंच द्या.

लॉग

सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात १८० दिवसांचे लॉग ठेवा आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा असं आहे, आणि ते कंपन्यांना, म्हणजे बॉडी कॉर्पोरेटला, लागू आहे. आता ४०एफ मध्ये डिस्कच नाही, ४१एफ मध्ये १२८ जीबीची आहे, कंपनीच्या फुकटच्या क्लाउडवर लॉग ७ दिवसच राहतात. मोठा मॉडेल घ्यायची गरज नाही, ऑफिसात नॅस (नेटवर्कवरची सामायिक हार्ड डिस्क) असेल तर त्याच्यावर सिसलॉग (लॉग गोळा करायची सोय) चालू करा, झालं. घड्याळ एनटीपीला (नेटवरून बरोबर वेळ देणारी सोय) जोडा, नाहीतर लॉगमधली वेळ आणि खरी वेळ जुळत नाही.

मग कोणता?

फोर्टिगेट, सोफोसचा एक्सजीएस, पुण्याच्या क्विक हीलचा सेक्राइट, मुंबईचं गजशील्ड, हे सगळे चालतील. खरं सांगू का, छोट्या ऑफिसात ब्रँडपेक्षा तो ब्रँड येणारा माणूस तुमच्यापासून दोन तासांवर आहे का हे जास्त महत्त्वाचं. नंदुरबारला बसून नाशिकच्या इंजिनिअरची वाट बघण्यात अर्थ नाही.

पैसे अगदीच कमी असतील तर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चार इंटेल पोर्टवाल्या मिनी पीसीवर छान चालतं, मी स्वतःच्या घरी तेच लावलंय. पण ते ज्याला आवडीने बघत बसायचंय त्याच्यासाठी. तुमच्याकडे तसा पोरगा असेल तर लावा, आणि पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर काय हे पण ठरवून ठेवा. मिक्रोटिक राउटर म्हणून जबरदस्त, स्वस्त, टिकाऊ, पण वेब फिल्टर आणि व्हायरस तपासणीची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

दोन डीलर निवडा आणि आठ दिवस डेमो मागा. देतात. गर्दीच्या दिवशी सगळी फीचर चालू करून सीपीयू बघा, सतत ७० टक्क्यांच्या वर असेल तर वरचं मॉडेल. आमच्याकडे दुपारी ४०एफ ५५ वर खेळत होता, पण भाऊंना पुढच्या वर्षी लाइन ५०० ची करायचीय, दुप्पटचा हिशोब तिथं ६०एफ च्या थ्रेट प्रोटेक्शनच्या ७०० लाही झेपत नाही, मग त्याच्या वरचं मॉडेल घेतलं. थोडे पैसे जास्त गेले, भाऊ दोन दिवस कुरकुरले.

ऑर्डर देताना आणि बसवताना

ऑर्डरवर लिहा की रजिस्ट्रेशन आमच्या मेलवर होईल, डीलरच्या नाही. आणि तो मेल कंपनीचा पाहिजे, अकाउंटंटचा पर्सनल नाही. अ‍ॅडमिन पासवर्ड मालकाकडे, डीलरला वेगळं लॉगिन.

बसवायचा दिवस सुटीचा ठेवा, महिन्याचे १८ ते २० टाळा. आधी फर्मवेअर, मग बाकी सगळं. बाहेरच्या बाजूने अ‍ॅडमिन पान बंद. कॅमेरे आणि हजेरी मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेली नेटवर्कची वेगळी खोली), पाहुण्यांचं आणि स्टाफच्या मोबाइलचं वायफाय वेगळ्या, आणि भुईकाट्याचा तो विंडोज ७ एकट्यालाच तिसऱ्या खोलीत कोंडायचा, त्याला टॅली सर्व्हरचं एकच पोर्ट उघडं, इंटरनेट अजिबात नाही. यासाठी व्हीलॅन समजणारा मॅनेज्ड स्विच लागतो, जुना साधा स्विच असेल तर तो खर्च आत्ताच धरा, कारण एकाच सपाट नेटवर्कमध्ये एका मशीनमधून दुसऱ्यात शिरणारा व्हायरस फायरवॉलला दिसतच नाही, ते पाकीट त्याच्यातून जातच नाही.

"सगळ्यांना सगळं चालू" असा नियम तात्पुरता म्हणून टाकू देऊ नका, तात्पुरता नियम कधी निघत नाही. सगळं झालं की सेटिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि इंजिनिअर निघायच्या आधी तुमच्यासमोर तुम्ही स्वतः लॉगिन करून बघा.

डाळमिलमध्ये तो पेनड्राइव्ह, पासवर्डचं बंद पाकीट आणि इंटरनेटवाल्याचा युजरनेम तिजोरीत आहे. लायसन्स संपायची तारीख भाऊंनी तिजोरीच्या दाराला आतून चिकटवलीय, आणि डीलरला सांगून ती तारीख ५ वर आणलीय, २० च्या जवळपास नको म्हणे.